रुईच्या ढिगावरचा पस्ताना

मी बी. ए. झाल्याची खबर आली तेव्हा आमच्या गावच्या पाटलांनी दवंडी पिटवली. गाव अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, काळ्या जमिनीचे, कापसाचे. दवंडी ऐकून माणसे आमच्या दारात जमली. एका म्हाताऱ्याने माझ्या वडिलांना विचारले, "महाराज, पोरगा तहसीलदार झाला का?"

"नाही."

"मंग फौजदार?"

"नाही."

म्हातारा जरा विचारात पडला. "म्हंजे अजून काईच नाई झाला. व्हईन, व्हईन," असे म्हणून त्याने वडिलांची समजूत घातली आणि तो चिलीम ओढायला पारावर गेला.

वडील गावचे जोशी. पंचांग सांगणे, लग्नाचे आणि पेरणीचे मुहूर्त काढणे, बारशाला नाव सुचवणे, हे त्यांचे काम. आई मी लहान असतानाच गेली. अमरावतीच्या शाळेत असताना मी वार लावून जेवत असे, म्हणजे सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या. ज्या वाराला घर मिळाले नाही, त्या वाराची शिदोरी पाटलांच्या बैलबंडीतून येई. पुढे मुंबईला कॉलेजात गेलो तेही पाटलांनी धीर दिला म्हणून. माझ्या शिक्षणात माझे स्वतःचे किती आणि या माणसांचे किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत भाऊबंदांची लढाई जुंपली होती, तिथला कापूस इंग्लंडला पोचत नव्हता, आणि सारी विलायत वऱ्हाडाच्या तोंडाकडे पाहत होती. अमरावतीच्या बाजारात बंड्यांची रांग लागे. ज्यांनी जन्मात जोडे घातले नव्हते त्यांच्या पायांत करकरणारे जोडे आले. बायकांच्या अंगावर दागिने आले, आणि पुरुषांच्या अंगात वेगवेगळी वारी शिरली. कोणी माडी बांधली, कोणी घोडा घेतला. पाटलांच्या अंगात शिरलेले वारे मात्र निराळे होते.

एके दिवशी त्यांनी मला ओसरीवर बोलावले. शेजारी त्यांचे जुने मित्र बसले होते, अकोल्याचे रुईचे व्यापारी. घराणे मूळचे बाळापूरचे, मुसलमान. मी त्यांना चाचा म्हणत असे. सरकी काढलेली आमच्या गावची रुई चाचांच्या वखारीत जाई, आणि तिथून बोजे भरून पुढे मुंबईला.

"तू शिकला ना?" पाटील म्हणाले. "मंग मले सांग, आपली रुई जाते कुठी?"

मी सांगितले. मुंबई, मग जहाज, मग इंग्लंडातले लिव्हरपूल, तिथून मँचेस्टर. तिथे गिरण्या आहेत, सूत निघते, कापड होते.

"आन् तिथून तेच कापड आपल्याच बाजारात येते," चाचा म्हणाले.

पाटील माझ्याकडे वळले; मला ते बापूच म्हणत. मग म्हणाले, "बापू, लेक दिली की बाप एकडाव तिचं घर पाहून येते. कसे लोकं हायेत, कशी ठेवतेत. मी इतल्या वर्साची रुई धाडून राह्यलो आन् तिचं सासर काई पाह्यलं नाई. मले जायाचं हाये."

"लेकीच्या घरचं पानी पेत नाई बाप," चाचांनी टोमणा मारला. "तिथं खाशीन काय?"

"थे पाहू. तू येतं का नाई थे सांग."

चाचांना हजला जायचे होतेच. तेवढ्यावर बेत ठरला. एडनपर्यंत दोघे बरोबर, तिथून चाचा जेद्द्याकडे, पाटील सुवेजेकडे. इंग्रजी बोलायला आणि वाट दाखवायला मी. येताना युरोपातून जमिनीने खाली यायचे, चाचांनी हज करून तुर्कांच्या स्तंबूलला थांबायचे, आणि तिथून सगळ्यांनी मिळून बगदाद, बसरा आणि पुन्हा जहाज. चाचांना बगदादचा दर्गा पाहायचा होता. मला काय पाहायचे होते ते कोणी विचारले नाही, पण विचारले असते तर मला सांगता आले नसते, इतके ते सगळेच होते. शाळेतल्या नकाशावर बोट फिरवून पाठ केलेली गावे आता माझ्या पायांखाली येणार होती. त्या रात्रीपासून मला दुसरे काही सुचेना.

एकच गोष्ट आडवी होती. समुद्र ओलांडला की जात जाते. पाटलांनी भाऊबंदांना गावजेवण घालून निभावले असते. पण जोशाचा मुलगा बाटला, तर त्या जोशाला मुहूर्त विचारायला कोण येणार? वडिलांचे सारे जगणे त्या एका पंचांगावर चाललेले. त्यांच्या होकाराशिवाय जायचे नाही, हे मी मनाशी ठरवले होते. घरी जाऊन मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "जेवून घे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले. "ताक आंबट झालंय, पाणी घाल," म्हणाले. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा विषय काढला, तेव्हा तेव्हा ते असेच घरातले काही तरी सांगत. हो नाही, नाही नाही.

इकडे बेत वाढत होता. मी मुंबईहून आणलेला नकाशा पाटलांच्या ओसरीवर पसरला जाई आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार अडकित्ते ठेवले जात. पाटलांचे प्रश्न मला कोणत्याही परीक्षेत आले नव्हते. मँचेस्टरात पोळा कधी येतो? तिथल्या पाण्यात डाळ शिजते का? जहाज रात्री थांबते की चालतच राहते, आणि चालत राहिले तर रस्ता कोण पाहतो? मी पुस्तकांतून शोधून जमेल तेवढे सांगे. पोळ्याचे मात्र मला सांगता आले नाही.

"पोळ्याले तं आपन स्तंबुलात राहू," पाटील नकाशाकडे पाहत म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला. "माह्या बैलायले कोन पुजंन?"

"स्तंबुलात बी बैल असतीनच ना," चाचा म्हणाले. "त्यायलेच घालजो पुरनपोळी."

"आन् तू मले तिथं सापडशीन कसा? केवढं शहर हाये थे."

"अमरावतीच्या बाजारात मी तुले हुडकतोच का नाई? मोठ्या मशिदीच्या पायरीवर बसजो. तुह्या पागोट्याएवढं पागोटं साऱ्या रूमशामच्या मुलखात नसंन."

मी म्हणालो, "चाचा, स्तंबूलला मोठ्या मशिदी पुष्कळ आहेत."

"मंग सगळ्यात मोठीवर," चाचा म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटला.

खरी अडचण आली ती तारखांची. आगबोटींचे दिवस इंग्रजी तारखेने, चाचांचा हज त्यांच्या चांद्रमासाने, आणि पाटलांचे सारे हिशेब आपल्या तिथीने. या तीन चाकांची एक गाडी मला जुळवता येईना. मी ओसरीवर कपाळाला हात लावून बसलो असताना पाटलांनी गड्याला पाठवून वडिलांना बोलावले. मला वाटले, ते येणार नाहीत. ते आले. पंचांग बगलेत होते.

ते नकाशाच्या बाजूला बसले, नकाशाकडे त्यांनी पाहिले नाही. चाचांना विचारले, "तुमचा महिना चंद्र दिसल्यावर धरता ना?"

"जी महाराज. चाँद दिसला की."

"आमचा अमावास्येला संपतो. म्हणजे फरक एखाद-दुसऱ्या दिवसाचा. चंद्र तर एकच आहे." आणि त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. चाचाही आपल्या बोटांवर मोजू लागले. दोघांचे ओठ हलत होते, दोघांचे अंगठे पेरांवरून सरकत होते, आणि थोड्या वेळाने दोघे एकाच वेळी थांबले. फाल्गुनात मुंबई सोडली तर हज साधतो, असे निघाले. मी ते इंग्रजी तारखेत बसवले. गाडी जुळली.

मग वडील म्हणाले, "फाल्गुनात मात्र निघता येणार नाही. गुरूचा अस्त आहे. मोठ्या प्रवासाला मुहूर्तच नाही. माघात एक चांगला आहे."

"माघात माहा कापूस वावरात राह्यते, महाराज," पाटील म्हणाले. "यंदा वेचनी उशिरा हाये."

"मग पस्ताना ठेवा."

पस्ताना म्हणजे काय हे आता शहरातल्या मुलांना सांगावे लागते. मुहूर्ताच्या घटकेला माणसाला प्रत्यक्ष निघणे जमत नसेल, तर त्याचे एक वस्त्र, त्यात सुपारी, हळकुंड आणि अक्षता बांधून, जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. ती पुरचुंडी ठेवली की तो माणूस निघाला असे धरायचे. पुढे सवडीने जाताना ती उचलून बरोबर न्यायची. मात्र प्रवास केल्याशिवाय पस्ताना घरी परत आणायचा नाही. एकदा निघालेला माणूस वाटेतून माघारी फिरला, असे ते होते.

आमची दिशा पश्चिम. पश्चिमेला आमचे सर्वांत जवळचे घर म्हणजे अकोल्याची चाचांची वखार.

"माझ्याकडं ठेवा," चाचा म्हणाले, आणि मग थबकले. "पर महाराज, चालंन का? आमच्या घरी?"

वडिलांनी चाचांकडे पाहिले. मला त्यांचा तो चेहरा ओळखीचा होता. पंचांगात नसलेली गोष्ट कोणी विचारली की तो तसा होई. "जमिनीवर नका ठेवू," ते म्हणाले. "रुईवर ठेवा. रुईला विटाळ नाही. तिच्याच वाती होतात, तिचंच जानवं होतं."

ही बातमी अमरावतीला पोचायला वेळ लागला नाही. तिथले दोन भिक्षुक खास आले आणि आमच्या पडवीत बसून वडिलांना म्हणाले, "समुद्रगमनाला तुम्ही मुहूर्त काढून देता? अधर्माला मुहूर्त असतो का?"

"पाटलांनी पश्चिमेला जायचा मुहूर्त विचारला, तो मी दिला," वडील शांतपणे म्हणाले. "पश्चिमेला समुद्र आहे की डोंगर, ते माझ्या पंचांगात लिहिलेलं नाही."

"आणि तुमचा मुलगा? तोही पश्चिमेलाच जाणार म्हणतात."

वडील उठले आणि त्यांनी पाहुण्यांसाठी पाणी आणले. मी आत दारामागे उभा होतो. मी जायचे की नाही ते त्याच उत्तरात होते, आणि ते मला ऐकायला मिळाले नाही.

मुहूर्ताच्या दिवशी पहाटे पाटलांची दोन बैलांची दमणी दारात उभी राहिली. पस्ताना घेऊन अकोल्याला जायचे काम माझे. पाटलांचे धोतर आदल्या दिवशीच आले होते. वडिलांनी देवासमोर ते बांधले, गाठीवर कुंकू लावले आणि माझ्या हातात दिले. मी वाकून नमस्कार केला आणि वळलो.

"थांब," ते म्हणाले.

ते कोनाड्याकडे गेले. आईची एक लहान पेटी तिथे होती, ती मी कधी उघडलेली पाहिली नव्हती. तिच्यातून त्यांनी एक पिवळा पडलेला पंचा काढला. माझ्या मुंजीतला. आईने तो जपून ठेवला होता, हे मला ठाऊकच नव्हते. त्यांनी त्यात सुपारी ठेवली, हळकुंड ठेवले, अक्षता ठेवल्या आणि गाठ मारली. गाठ मारताना ते नेहमीप्रमाणे मंत्र म्हणत होते, आणि मंत्र संपल्यावर म्हणाले, "पस्ताना ज्याच्या त्याच्या वस्त्राचा लागतो. ही दुसरी पुरचुंडी तुझी. नीट धर, अक्षता सांडतील."

इतकेच. मी दोन्ही पुरचुंड्या उराशी धरून दमणीत बसलो. बैल निघाले तेव्हा मागे वळून पाहायचे नसते, म्हणून पाहिले नाही.

मूर्तिजापूरवरून आम्ही अकोल्याला पोचलो. वखार छतापर्यंत भरली होती. चाचांनी स्वतः हातपाय धुतले, शिडी लावली आणि रुईच्या पांढऱ्या ढिगावर, अगदी वर, दोन्ही पुरचुंड्या शेजारी शेजारी ठेवल्या. खाली उतरून म्हणाले, "लो मियाँ. निघालात तुमी." मी त्या ढिगाकडे पाहत उभा राहिलो. मी खरोखरच निघालो होतो.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगणे अवघड आहे. पाटलांच्या शेतात वेचणी चालली होती. कधी कधी मीही बायकांच्या मागे ओळीत उभा राहून बोंडे वेचत असे आणि मनात फ्रेंच भाषेतले आकडे म्हणत असे.

मग अमेरिकेतली लढाई संपत आल्याची बातमी आली. ती आमच्याकडे लढाईच्या बातमीसारखी आलीच नाही. एके दिवशी बाजारातून परतलेले गाडीवान नेहमीची गाणी न म्हणता आले, तेवढेच. भाव पडत गेला, आणि पडायचा थांबेना. मुंबईत पेढ्या बसल्याचे ऐकू येऊ लागले. पाटलांनी एके दिवशी ओसरीवरचा नकाशा स्वतः गुंडाळला. चार अडकित्ते एका ओळीत ठेवले. "यंदा नाई, बापू," म्हणाले. पुढच्या वर्षी असे ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारले नाही. ज्या माणसाने मला शिकवले त्याच्यासमोर तोंड पाडून बसणे मला बरे वाटेना. मी म्हणालो, "हरकत नाही." घरी आल्यावर वडिलांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "जेवून घे." या वेळी मी जेवलो नाही.

त्याच आठवड्यात चाचा आमच्या दारात आले. एरवी ते आधी पाटलांकडे जात, पण आज थेट आमच्याकडे. उंबऱ्याबाहेर जोडे काढून तसेच उभे राहिले. डोक्यावरचे पागोटे सैल झाले होते.

"महाराज, मुझसे खता हो गई."

वडिलांनी त्यांना पडवीत बसायला चटई दिली. पाटलांना निरोप गेला, तेही आले. चाचांनी सांगितले ते असे. भाव कोसळतोय म्हणताच चाचांच्या भावांनी ठरवले की आहे ती रुई मिळेल त्या भावाला मुंबईला काढायची. चाचा स्वतः बाळापूरला गेले होते. वखारीत घाई उडाली. मजूर ढिगावर चढले, रुई पोत्यांत लोटली, पायांनी तुडवून बोजे भरले, बंड्या निघाल्या. चाचा परत आले तेव्हा वखारीत झाडलेली फरशी तेवढी होती.

"मी साऱ्यायले विचारलं. एक जन म्हने, काई तरी पिवळं दिसलं होतं, मले वाटलं पाला हाये." चाचांचा आवाज बसला. "तुमची अमानत व्हती माझ्याकडं. कोन्या बोज्यात गेली, कोन्या जहाजात गेली, काई मालूम नाई."

मला त्या पिवळ्या पंच्याची आठवण झाली. तेवढ्यात पाटलांच्या बाजूने एक आवाज आला. आधी मला तो खोकला वाटला.

"आमी राह्यलो," पाटील म्हणाले, "आन् आमचे धोतरं गेले विलायतले!"

आणि ते हसू लागले. भाव पडल्यापासून त्यांना कोणी हसताना पाहिले नव्हते. ते असे हसले की डोळ्यांतून पाणी आले आणि ते उपरण्याने पुसत राहिले. चाचा आधी गोंधळले, मग तेही हसू लागले, आणि मग दोघांपैकी कोण हसत होता आणि कोण नाही हे सांगता आले नसते.

पण प्रश्न हसण्यावारी गेला नाही. अमरावतीचे ते दोन भिक्षुक पुन्हा आले. या वेळी त्यांच्याबरोबर आणखी चारजण होते. त्यांचे म्हणणे सरळ होते. पस्ताना ठेवला म्हणजे माणूस निघाला, हे शास्त्र. पस्ताना समुद्रापार गेला. मग माणूस समुद्रापार गेला. तेव्हा जोशांच्या मुलाने प्रायश्चित्त घ्यावे, नाही तर जोशांचे पाणी बंद.

मला संताप आला. मी पुढे होऊन म्हणणार होतो की मी इथे तुमच्यासमोर उभा आहे, माझे पाय कोरडे आहेत. वडिलांनी हातानेच मला थांबवले. त्यांनी पंचांग मिटून बाजूला ठेवले.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले. "पस्ताना गेला, म्हणजे मुलगा निघाला. ते मी मान्य करतो. पण प्रायश्चित्त केव्हा घेतात?"

"समुद्र ओलांडल्यावर."

"ओलांडून परत आल्यावर. जो अजून परत आलाच नाही, त्याला कोणी प्रायश्चित्त देतं का? पस्ताना परत आला की मी स्वतः तुम्हाला बोलावणं पाठवीन. तोवर थांबा."

मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. वडिलांनी त्यांना पान-सुपारी दिली आणि मंडळी उठून गेली. पुढे कित्येक वर्षे अमरावतीच्या त्या मंडळींना वडील भेटले की म्हणत, "अजून आलेला नाही हो."

त्यांचे काम चालूच राहिले. उलट आजूबाजूच्या गावांतून लोक मुद्दाम येऊ लागले, कारण या जोशीबुवांचा पस्ताना विलायतेपर्यंत पोचतो अशी ख्याती झाली. मला अकोल्याच्या शाळेत मास्तरकी मिळाली. समुद्र मी कधीच ओलांडला नाही. भूगोल मात्र जन्मभर शिकवला.

रेल्वे मूर्तिजापूरपासून मुंबईपर्यंत सुरळीत चालू झाली, त्या हिवाळ्यात पाटील म्हणाले, "पस्तान्याच्या मांगं मुंबईपावतर तं जाऊन पाहू." चाचा तयार झाले. मी तर होतोच. निघायच्या दिवशी वडील मूर्तिजापूरच्या स्टेशनवर आले तेव्हा मला वाटले, पोचवायला आले असतील. त्यांच्या खांद्यावर प्रवासाची पडशी होती. ते मूर्तिजापूरच्या पलीकडे जन्मात गेले नव्हते. आईही गेली नव्हती.

मुंबईत चाचा आम्हाला कुलाब्याकडे घेऊन गेले. तिथे वऱ्हाडातून आलेले बोजे फोडून पुन्हा यंत्राखाली दाबून लोखंडी पट्ट्यांच्या गाठी बांधत. पाटलांनी तिथल्या मुकादमाला विचारले, आमच्या रुईत दोन पुरचुंड्या सापडल्या होत्या का.

मुकादम मोठ्याने हसला. "तुमच्या वऱ्हाडच्या रुईत काय सापडत नाही? सरकी सापडते, माती सापडते, वजनाला घातलेले दगड सापडतात. पुरचुंडी सापडली असती तर मी तिची पूजा केली असती."

पाटील खाली पाहू लागले. चाचा म्हणाले, "चला. म्हंजे पुढंच गेलं."

संध्याकाळी पाटील आणि चाचा मुक्कामावर पडले. वडील म्हणाले, मला पाणी दाखव. आम्ही दोघे किनाऱ्यावर गेलो. वडिलांनी समुद्राकडे कितीतरी वेळ पाहिले. मग खाली वाकून ओंजळीत पाणी घेतले, जिभेला लावले आणि तोंड वाकडे केले. एका खडकावर बसले आणि मला शेजारी बसवले.

"आता सांग," म्हणाले.

"काय सांगू?"

"तुझा बेत. मी कधी ऐकलाच नाही."

मग मी बोटाने पाण्याकडे दाखवले आणि सुरुवात केली. इथून जहाज सुटते. पहिले बंदर एडन. तिथे चाचा उतरतात. मग सुवेज.

"सुवेजेला काय?"

"तिथे समुद्र संपतो. कालवा अजून पुरा झालेला नाही. आगगाडीने मिसर देश ओलांडायचा, मग दुसरा समुद्र लागतो."

"गाडीत बसायला जागा मिळते का?"

"मिळत असावी."

"हं. पुढे?"

मी पुढे सांगत गेलो. त्यांनी मला कुठेही घाई केली नाही. मार्सेयला थंडी किती, पॅरिसमध्ये अंघोळीला पाणी कुठे, लंडनात सूर्य दिसतो की नाही, सगळे विचारले. मँचेस्टर आले तेव्हा म्हणाले, "इथे थांब जरा." मग त्यांनी विचारले, "पंचा इथपर्यंत आला असेल?"

"आला असेल."

"तिने फार जपला होता," ते म्हणाले, आणि हाताने मला पुढे चालायला सांगितले.

व्हिएन्ना झाले, डॅन्यूब नदी झाली. स्तंबूलला चाचांनी आम्हाला मशिदीच्या पायरीवर हुडकले. बगदाद झाले. बसऱ्याला मी पोचलो तेव्हा भरती चढली होती आणि खडकाखालचे पाणी आमच्या पावलांना लागत होते. मला वाटले वडील आता उठतील. मी थांबलो.

"थांबतोस काय?" ते म्हणाले. "घरापर्यंत आण."

मी बसऱ्याहून जहाज घेतले. मुंबई आली. तिथून कल्याण, भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर. तिथून पाटलांची बंडी, आणि बंडीतून आमचे दार.